विश्लेषण : आधी रूळ, मग खडी! मॉडेल रेल्वेला खडी कोणती घालावी, कशी घालावी?

रविवार आला की मध्य रेल्वेच्या प्रवाशाला पहिला प्रश्न पडतो तो मेगाब्लॉकचा. या ब्लॉकमध्ये जी कामे उरकली जातात, त्यातले एक रुळांखालच्या खडीचे असते. ती चाळायची, कमी पडली तिथे भरायची आणि यंत्राने स्लीपरखाली घट्ट बसवायची. घरात टेबलावर छोटी रेल्वे उभारणाऱ्या हौशी मंडळींनाही हे काम चुकत नाही. मात्र क्रम नेमका उलटा असतो. खऱ्या रेल्वेत खडी आधी पसरतात आणि तिच्यावर रूळ येतात. मॉडेलमध्ये रूळ आधी बसतात आणि खडी सर्वांत शेवटी येते, तीही गोंदाने चिकटवून. म्हणजे खडी पडली की आधीचे सगळे काम कायमचे होते, चुकांसकट. हजारो रुपयांचे पॉइंट आणि इंजिन याच टप्प्यावर खराब होतात. ठाणे-कल्याणच्या मंडळींसाठी सोयीची बाब अशी, की आपल्या रुळांना शोभणारा दगड वागळे इस्टेटमधल्या बांधकाम साहित्याच्या दुकानातही मिळू शकतो. मात्र त्या दगडात एक धोकाही दडलेला असतो. तो ओळखायचा कसा, हे पाहू.

खऱ्या रुळांखाली खडी कशासाठी?

खडीची कामे मुख्यतः तीन. गाडीचे वजन चाकाकडून रुळावर, रुळाकडून स्लीपरवर आणि स्लीपरकडून खडीवर येते. खडी ते खालच्या भरावावर पसरवते. दुसरे काम पकडीचे. उन्हात रूळ प्रसरण पावतो आणि वळणावर गाडी रुळांना बाहेर ढकलते. अशा वेळी स्लीपरच्या दोन्ही टोकांना रचलेले खडीचे ‘खांदे’ रूळ जागेवर ठेवतात. तिसरे काम पाण्याच्या निचऱ्याचे. दगडांमधल्या फटींतून पावसाचे पाणी खाली निघून जाते. ‘रुळांखालची खडी वाहून गेली’ ही पावसाळ्यातली बातमी गंभीर असते ती यामुळेच. खडी गेली की रूळ अधांतरी राहतात.

ही तिन्ही कामे होतात, कारण दगड टोकदार असतात आणि एकमेकांत अडकतात. गोलसर गोटे घसरतात. म्हणून रेल्वे फोडलेला दगड वापरते, नदीतले गोटे नव्हे. भारतीय रेल्वेच्या खडीचा आकार साधारण २० ते ६५ मिलिमीटर असतो. स्लीपरखाली तिचा थर साधारण २५० ते ३५० मिलिमीटर ठेवतात.

मॉडेलमध्ये खडीचे काम काय?

वजन पेलणे आणि पाण्याचा निचरा ही दोन्ही कामे टेबलावर नसतात. रूळ खिळ्यांनी किंवा गोंदाने फळीवर आधीच बसलेले असतात. खडीकडे उरते ते दिसण्याचे काम. पण ते कमी महत्त्वाचे नाही. विकतचे रूळ नुसते फळीवर ठेवले तर खेळणे वाटतात. तेच रूळ योग्य खडीत बसले की नजर त्यांना रेल्वेमार्ग मानते. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभारलेले आणि १९९८ मध्ये सुरू झालेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय पाहताना याची जाणीव होते. तिथले जग १:८७ या प्रमाणातले आहे. जगभरात ‘एचओ’ नावाने हेच प्रमाण सर्वाधिक प्रचलित आहे. एवढ्या छोट्या जगात डोळा सगळ्यात आधी प्रमाण पाहतो. एखादी वस्तू मोठी झाली, की बाकीचे सगळे खोटे दिसू लागते. आणि ही चूक सर्वाधिक वेळा होते ती खडीत.

दाणा किती मोठा हवा?

हिशेब सोपा आहे. खऱ्या खडीच्या मापाला मॉडेलच्या प्रमाणाने भागायचे. २० ते ६५ मिलिमीटरची खडी वेगवेगळ्या प्रमाणांत अशी होते :

– एन (१:१६०) : ०.१३ ते ०.४१ मिलिमीटर
– एचओ (१:८७) : ०.२३ ते ०.७५ मिलिमीटर
– ओओ (१:७६) : ०.२६ ते ०.८५ मिलिमीटर

म्हणजे एचओसाठी सर्वांत मोठा दाणाही एक मिलिमीटरच्या आतच हवा. स्वयंपाकघरातली तुलना करायची तर बारीक रव्याच्या आसपास. नवखे लोक मत्स्यालयात घालतात ती बारीक खडी आणतात. तिचा दोन-तीन मिलिमीटरचा दाणा एचओत मोजला तर जवळजवळ वीतभर, पाऊण-एक फुटाचा धोंडा होतो. अशा धोंड्यांवरून लोकल धावताना दिसली, की फसवणूक लगेच उघडी पडते. शंका असेल तर दाणा थोडा लहान घ्यावा, मोठा कधीच नको.

चाळण्यासाठी खास उपकरण लागत नाही. चहाच्या गाळणीतून जो दाणा खाली पडतो आणि मैद्याच्या चाळणीत वर राहतो, तो एचओच्या कामाचा असतो. ही गाळणी आणि चाळण पुन्हा स्वयंपाकघरात जाऊ देऊ नये.

थराची रुंदी कशी ठरवायची?

भारतात खास अडचण येते ती इथे. आपला ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटरचा. एचओत तो १९.३ मिलिमीटर व्हायला हवा. पण बाजारात मिळणारे एचओ रूळ १६.५ मिलिमीटरचे असतात. कारण ते युरोप-अमेरिकेच्या १,४३५ मिलिमीटर गेजवर बेतलेले आहेत. आपल्याकडचे बहुतेक हौशी लोक ही तडजोड मान्य करून त्याच रुळांवर भारतीय गाड्या चालवतात.

इथे खडी मदतीला येते. आपल्या काँक्रीट स्लीपरची लांबी २,७५० मिलिमीटर असते. दोन्ही बाजूंना साधारण ३५० मिलिमीटरचे खांदे धरले, तर खडीच्या माथ्याची रुंदी ३,४५० मिलिमीटर होते. एचओत ती जवळपास ४० मिलिमीटर येते. रूळ अरुंद असले तरी खडीचा माथा ४० मिलिमीटरचा ठेवला, तर मार्गाची ठेवण भारतीय वाटते. वळणावर बाहेरचा खांदा थोडा जास्त रुंद ठेवावा, खऱ्या मार्गावरही तो तसाच असतो. खाली उतरताना उतार दीडास एक ठेवावा, म्हणजे दीड मिलिमीटर बाहेर जाताना एक मिलिमीटर खाली.

उंचीसाठी रुळांखाली तीन मिलिमीटर जाडीची कॉर्कची पट्टी घालण्याची पद्धत आहे. एचओत ती साधारण २६० मिलिमीटरच्या थराएवढी भरते, म्हणजे खऱ्या मापाच्या मर्यादेत बसते. वागळे इस्टेट ही एमआयडीसीची १९६२ मधली पहिली औद्योगिक वसाहत. अशा वसाहतीतल्या एखाद्या लेझर कटिंगच्या गाळ्यात अॅक्रिलिकच्या तुकड्याला खडीच्या छेदाचा आकार कापून घेतला, तर तो साचा रुळांवरून ओढत नेता येतो आणि खांदे सगळीकडे सारखे होतात. जाड पुठ्ठ्यातून घरी कापलेला साचाही चालतो.

खडी लागते किती? एचओत एका मीटरला साधारण ८० ते १०० घनसेंटीमीटर, म्हणजे टपरीवरच्या एका कटिंग चहाएवढी. चाळताना निम्मा माल वाया जातो असे धरून सुरुवातीलाच दुप्पट तयार ठेवावी. पुढे वेगळ्या गोणीतला दगड आणला तर रंगाचा जोड लगेच कळतो.

रंग कोणता हवा?

परदेशी पाकिटांवरचे फिकट राखाडी दाणे ग्रॅनाइटच्या किंवा चुनखडीच्या मार्गांची आठवण देतात. महाराष्ट्राचा बराचसा भाग उभा आहे तो दख्खनच्या पठाराच्या काळ्या कातळावर, म्हणजे बेसॉल्टवर. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हातून तो तयार झाला. मुंबई-ठाण्याकडचे रूळ याच दगडाच्या खडीवर बसले आहेत. ताजी खडी निळसर करडी दिसते आणि जुनी होत जाते तशी तपकिरी-काळी होते.

एकाच मार्गावरही रंग बदलतो. स्थानकात गाडी ब्रेक लावते, तिथे लोखंडाची भुकटी आणि तेल पडून खडी गंजट, काळपट होते. मधल्या मोकळ्या भागात ती फिकट राहते. नुकतीच नवी खडी टाकलेला पट्टा तर लांबूनही उठून दिसतो. माथेरानच्या दोन फुटी गेजच्या, १९०७ मध्ये सुरू झालेल्या मार्गावर लाल माती खडीत मिसळलेली असते. म्हणून दाणे एकाच रंगाचे न घेता दोन-तीन छटांचे मिसळावेत आणि शेवटी रुळांच्या बाजूने गंजाच्या रंगाचा पातळ हात फिरवावा. गोंदाने दगड एक छटा गडद होतो. म्हणून आधी पुठ्ठ्यावर थोडे चिकटवून, वाळवून रंग पाहावा.

पाहायला जायचे असेल तर फलाटावर उभे राहावे. ठाण्याहून चांगली जागा कुठली? देशातली पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून इथेच आली होती. मात्र रुळांत उतरू नये आणि तिथली खडी उचलू नये. रूळ ओलांडणे हा गुन्हा आहे आणि खडी ही रेल्वेची मालमत्ता आहे. शिवाय ६५ मिलिमीटरचा दगड टेबलावर काही उपयोगाचा नाही.

विकतची की घरची?

विकत मिळणाऱ्या खडीचे मुख्य प्रकार दोन. एक खऱ्या दगडाची. ती जड असते आणि गोंद टाकताना जागेवर राहते. दुसरी अक्रोडाच्या कवचाचा चुरा रंगवून केलेली. ती हलकी, रंगांत विविध आणि इंजिनला निर्धोक असते, पण पाणी पडताच तरंगते आणि स्लीपरवर चढून बसते. ही वापरायची तर पाणी आणि गोंद अगदी थेंबाथेंबाने सोडावा लागतो.

घरची खडी करायची तर बांधकामावर वापरतात ती क्रश सँड हा चांगला कच्चा माल. ती आपल्या भागात बहुधा बेसॉल्टचीच असते, टोकदार असते आणि स्वस्तात मिळते. तोंडाला मास्क बांधून ती चाळावी, पाणी नितळ येईपर्यंत धुवावी आणि कडक उन्हात पूर्ण सुकवावी. धुतली नाही तर तिच्यातली भुकटी गोंदात मिसळून चिखलासारखा राखाडी थर धरते.

समुद्रकिनाऱ्यावरची वाळू मात्र टाळावी. तिच्यातले मीठ दमट हवेत ओल धरते आणि रुळांना व तारांच्या जोडांना गंजवते. शिवाय तिचे दाणे लाटांनी गोल झालेले असतात आणि त्यात शिंपल्यांचे तुकडेही असतात.

मग धोका कुठे?

धोका चुंबकात. बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइट नावाचे लोहखनिज असते आणि ते चुंबकाला चिकटते. छोट्या इंजिनाची मोटर कायमच्या चुंबकावर चालते आणि ती रुळांपासून जेमतेम सेंटिमीटरभर उंचीवर असते. सुटा राहिलेला एखादा दाणा तिने ओढून घेतला, की तो दातेऱ्या चाकांत जातो. मग इंजिन आधी करकरते आणि नंतर बंद पडते. दगड दिसायला कितीही योग्य असला, तरी ही चाचणी चुकवू नये.

चाचणी अशी. सुकलेली खडी कागदावर पातळ पसरावी. जुन्या स्पीकरमधला चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून तिच्यावरून एक-दीड सेंटीमीटर उंचीवर फिरवावा. चिकटलेले दाणे दुसरीकडे नेऊन पिशवी उलटी करून सोडावेत. नवे दाणे उडायचे थांबेपर्यंत हे करत राहावे. थोडेसेच दाणे निघाले तर उरलेली खडी वापरायला हरकत नाही. निम्म्याहून अधिक दाणे उडाले, तर तो माल रुळांच्या मध्ये अजिबात नको. तो रुळांपासून लांब असलेल्या उतारावर, यार्डाच्या कडेला किंवा गोदामापुढच्या मैदानात पक्का चिकटवून वापरावा. रुळांमध्ये मग चुंबकाला न चिकटणारा दुसरा बारीक दगड घ्यावा आणि अॅक्रिलिक रंगाच्या पातळ पाण्याने त्याला काळसर करावे. विकत आणलेल्या दगडी खडीवरूनही हा चुंबक एकदा फिरवावाच.

खडी घालण्याआधी काय तपासावे?

खडी पडल्यावर रूळ उचलणे जिकिरीचे होते. म्हणून या गोष्टी आधी उरकाव्यात :

– सगळ्यात लांब डबा आणि सगळ्यात नाजूक इंजिन पूर्ण मार्गावर काही दिवस, दोन्ही दिशांना, हळू आणि वेगात चालवून पाहावे. जिथे चाक उतरते ती जागा आताच दुरुस्त करावी.
– वीज पुरवणाऱ्या तारा रुळांना डाग देऊन जोडलेल्या असाव्यात. नुसत्या जोडपट्टीवर भरवसा ठेवू नये, कारण तिच्यात गोंद शिरला की वीज तुटते.
– रुळांच्या बाजू आणि स्लीपर आधी रंगवून घ्यावेत. खडीनंतर रंग दाण्यांवर उडतो.
– तापमानानुसार रूळ हलावेत म्हणून ठेवलेल्या फटी मोकळ्या आहेत ना, हे पाहावे.

प्रत्यक्ष घालायची कशी?

आधी रुळांचा वीजपुरवठा बंद करावा. एका वेळी हातभर लांबीच घ्यावी.

१. कोरडी खडी लहान चमच्याने रुळांच्या मधोमध आणि मग दोन्ही बाजूंना ओतावी. कमीच ओतावी, वाढवणे सोपे असते.

२. मऊ, चपट्या ब्रशने ती स्लीपरच्या मधल्या खाचांत सारावी. रुळांवर बोटाने टिचक्या मारल्या की स्लीपरवरचे दाणे खाली बसतात. खडीचा माथा स्लीपरच्या माथ्यापेक्षा किंचित खाली असावा. रुळाच्या आतल्या कडेला दाणा राहिला तर चाकाची कड त्यावर चढते. सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा, कारण गोंद पडल्यावर काहीच हलत नाही.

३. भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब टाकलेले पाणी बारीक फवाऱ्याने, वरून तुषार पडावेत तसे मारावे. लिक्विडमुळे पाण्याचा ताण कमी होतो आणि ते थेंबाच्या रूपात न राहता दाण्यांमध्ये झिरपते. जवळून फवारा मारला तर खड्डे पडतात.

४. फेविकॉलसारखा पांढरा गोंद आणि पाणी निम्मे-निम्मे मिसळून त्यातही लिक्विडचा एक थेंब टाकावा. सुई काढलेल्या सिरिंजने किंवा ड्रॉपरने तो आधी मध्ये, मग खांद्यांवर सोडावा. दाण्यांमध्ये दुधट पाणी दिसू लागले की पुढे सरकावे.

५. रुळांचा माथा ओल्या फडक्याने लगेच पुसावा आणि रात्रभर हात लावू नये. सुकल्यावर आधी ब्रश आणि मग व्हॅक्यूम क्लीनर फिरवून सुटे दाणे काढावेत. त्यानंतर पुन्हा चुंबक फिरवावा. हे सगळे झाल्याशिवाय इंजिन रुळांवर ठेवू नये.

पॉइंटपाशी वेगळे काय?

रूळ बदलणारा पॉइंट हा लेआउटमधला सर्वांत महाग आणि नाजूक भाग. त्याच्या हलणाऱ्या पात्यांखाली आणि त्या हलवणाऱ्या आडव्या पट्टीखाली खडी घालू नये. तिथे फळीला फक्त खडीचा रंग द्यावा, फारतर एक दाण्याचा थर आधीच चिकटवून सुकवून घ्यावा. बाकी भागात गोंद फवारायचा नाही, थेंबाथेंबाने सोडायचा. गोंद पातळ असतो आणि स्लीपरखालून सरकत पात्यांपर्यंत पोहोचतो. म्हणून सुकेपर्यंत दर दहा-पंधरा मिनिटांनी पॉइंट इकडून तिकडे हलवत राहावा.

शेजाऱ्यांचे आणि पावसाळ्याचे काय?

कॉर्कची पट्टी गाडीचा आवाज थोडा शोषते. पण पांढरा गोंद सुकून दगडासारखा कडक होतो. तो कॉर्कवरून खाली फळीपर्यंत उतरला, की फळी ढोलासारखी घुमू लागते आणि चाळीत किंवा फ्लॅटमध्ये खालच्या मजल्यापर्यंत ऐकू जाते. खांद्यांच्या खालच्या कडेला गोंद कमी टाकावा, किंवा सुकल्यावरही रबरासारखा लवचीक राहणारा लॅटेक्सचा गोंद वापरावा. फळीच्या पायांखाली रबराचे तुकडे ठेवले तरी फरक पडतो.

खाडीकाठच्या आपल्या हवेत जुलै-ऑगस्टमध्ये गोंद एका रात्रीत सुकत नाही. जाड थर आतून ओला राहिला तर त्यावर बुरशी येते. शक्यतो हे काम दिवाळी ते होळी या कोरड्या महिन्यांत करावे. पावसाळ्यातच करायचे असेल तर थर पातळ ठेवावा आणि पंखा खडी उडणार नाही इतका लांब ठेवून चालू करावा.

खडी कुठे घालूच नये?

सगळीकडे खडी ओतली तरी चित्र चुकते. मोठ्या स्थानकांत जिथे लांब पल्ल्याच्या गाड्या धुतल्या जातात, तिथे फलाटालगतच्या रुळांखाली काँक्रीट असते. मेट्रोचे रूळही खडीवर नसतात, ते काँक्रीटवर बसवलेले असतात. यार्डातल्या जुन्या, क्वचित वापरल्या जाणाऱ्या मार्गावर खडी मातीत बुडालेली आणि गवताने झाकलेली दिसते. कुठल्या मार्गावर काय शोभेल, हे आधी ठरवावे आणि मगच चमचा हातात घ्यावा.

चूक झालीच तर?

पांढऱ्या गोंदाचा एक मोठा गुण म्हणजे तो पाण्याने पुन्हा नरम होतो. बिघडलेल्या भागावर कोमट पाणी सोडून अर्धा तास ओले फडके ठेवले, की खडी चमच्याने खरवडून काढता येते आणि रूळ वाचतो. म्हणून पहिल्या वेळेला असाच गोंद घ्यावा. पाण्यात न विरघळणाऱ्या अॅक्रिलिक किंवा झटपट चिकटणाऱ्या गोंदाच्या वाटेला जाऊ नये. सुरुवात मुख्य मार्गावरून न करता मागच्या बाजूच्या एखाद्या आडमार्गावर करावी. तिथला हातभर तुकडा मनासारखा जमला, की मग पुढे यावे.